न पाळता पाळलेला साप

साप पाळणाऱ्यांची जगात एक मोठी बिरादरी आहे. जर्मनीत, अमेरिकेत, जपानमध्ये लोक काचेच्या पेटीत साप ठेवतात, त्याला उबेसाठी दिवा लावतात, ठरल्या दिवशी उंदीर देतात आणि आल्यागेल्याला कौतुकानं दाखवतात. हौसेचा नियम तिथेही तोच: शेजाऱ्याकडे आहे ते आपल्याला नको. बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक आता इतके घरोघरी झालेत की खरे दर्दी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना हवे असतात कमी माहितीचे, चमत्कारिक, कुणी नावही ऐकलं नसेल असे साप.

अशा एखाद्या दर्द्याला एकदा धाडला आणायला हवं. बुलढाण्याहून जालन्याच्या दिशेनं निघालं की हे गाव लागतं. सोयाबीन, कपाशी, मिरची, मधूनमधून दगडी बांध. इथल्या आणि आसपासच्या मुलखातल्या मातीत काय काय राहतं ते कळलं तर त्याची झोपच उडेल. आणि त्यातला सगळ्यात अजब साप तर इथल्या कितीतरी घरांत आधीच मुक्कामाला आहे. घरच्यांना पत्ता नाही, एवढंच.

त्याच्याकडे येऊच. पण त्याच्या आधी दोघांची ओळख करून घेऊ.

पहिला मांडूळ. ह्याला दुतोंड्या म्हणतात, कारण शेपूट डोक्याइतकीच बोथट. घाबरला की हा डोकं वेटोळ्यात लपवतो आणि शेपूट वर काढून हलवतो. शत्रू चावतो तो शेपटीला, डोकं सहीसलामत. किती साधी युक्ती! पण हीच युक्ती त्याच्या जिवावर उठली. दोन तोंडांचा साप पैशांचा पाऊस पाडतो, गुप्तधन दाखवतो, असल्या थापांवर त्याची तस्करी चालते. तस्करांच्या बोलीत त्याचं नाव ‘डबल इंजिन’. विदर्भ-मराठवाड्यातल्या पोलिसांनी मांडूळ पकडल्याची बातमी तुम्ही कधीतरी वाचली असेलच. आणि इकडे हे चाललेलं असताना युरोप-अमेरिकेत हाच साप पेटीत जन्माला येतो, पेटीत वाढतो आणि शांत स्वभावाचा म्हणून नवशिक्यांना दिला जातो. तिकडे त्याच्याकडून कुणी धनाची अपेक्षा करत नाही, म्हणून तो सुखात आहे.

दुसरा अंडीखाऊ. ह्याच्यापाशी जरा बसूच.

आफ्रिकेत नुसती पक्ष्यांची अंडी खाऊन जगणारे साप आहेत, डॅसिपेल्टिस गटातले. बोटाएवढं डोकं, दात जवळजवळ नाहीतच, आणि गिळायचं काय तर डोक्याच्या दुपटी-तिपटीचं अंडं, तेही न फोडता. जबडा ताणत ताणत ते आख्खं आत जातं. गळ्याशी भलामोठा फुगवटा दिसतो. मग साप मान वाकवतो, आणि आतून अंडं पिचकतं. कशानं? दात तर नाहीत! फोडणारे असतात मणके. मानेतल्या काही मणक्यांना खालच्या अंगाला टोकं असतात आणि ती थेट अन्ननलिकेत उतरलेली असतात. पाठीच्या कण्यालाच दात फुटलेत म्हणा ना. बलक आणि पांढरं पोटात उतरतं, आणि चेपलेलं टरफल साप तोंडावाटे बाहेर टाकतो. हा साप परदेशात पाळतात, पण पाळणाऱ्याचा घाम निघतो. मोठ्या सापाला लाव्याची अंडी चालतात; पिल्लांसाठी फिंचसारख्या चिमुकल्या पक्ष्यांची अंडी बारा महिने कुठून आणायची?

आता गंमत बघा. असा दुसरा अंडीफोड्या साप आशियात एकच आहे, आणि तो आपल्याकडचा. डेन्मार्कच्या योहानेस राइनहार्ट यांनी १८६३ मध्ये रंगपूरच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं. त्यानंतर हा साप इतक्या क्वचित दिसला की संग्रहालयांतले नमुने बोटांवर मोजावेत. आणि मग तो सापडला कुठे? वर्धा जिल्ह्यात! अशोक कॅप्टन, पराग दांडगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये महाराष्ट्रातली ही पहिली नोंद प्रसिद्ध केली. पाठोपाठ अमरावतीतूनही नोंद आली. ज्याला जग दुर्मीळातला दुर्मीळ म्हणत होतं, तो वऱ्हाडाच्या अंगणात रात्रीचा फिरत होता.

सगळ्यांना वाटायचं, हा आफ्रिकेतल्या अंडीखाऊंचा लांबचा भाऊबंद असणार. मणक्यांची इतकी विचित्र करामत दोन वेगळ्या घराण्यांत कशी येईल? २०१८ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याचा डीएनए तपासला, आणि हा निघाला आपल्या मांजऱ्या सापाच्या घराण्यातला. आफ्रिकेशी काही सोयरसंबंध नाही. म्हणजे निसर्गानं तेच अवघड अवजार दोनदा घडवलं, दोन खंडांत, एकमेकांना न विचारता. हा पाळावा असं मनात आलं असेल तर तिथेच सोडून द्या: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या पंक्तीला.

आता घरातल्या सापाकडे.

जून उजाडतो, पहिले दोन-चार पाऊस होतात, आणि एका सकाळी मोरीच्या जाळीतून काहीतरी बारीक, काळपट, चकचकीत वळवळत बाहेर येतं. घरात एकच कल्ला: सापाचं पिल्लू! कुणी म्हणतं गांडूळ. कुणी मीठ आणायला धावतं. कुणी सांगतं, कान झाका, हा कानात शिरतो. आणि तो बिचारा फरशीवर सरपटायला धड पकडही न मिळून जागच्या जागी तडफडत असतो.

हा वाळा. पिल्लू नाही, एवढाच असतो. दहा-पंधरा सेंटीमीटर लांब, जाडी दोन-चार मिलिमीटर. जगातल्या सगळ्यात लहान सापांपैकी एक. बिनविषारी, आणि तोंड इतकं चिमुकलं की तुम्हाला चावायचं ठरवलं तरी त्याला जमणार नाही.

एखाद्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर घेऊन भिंगातून पाहा. गांडुळाला वळ्या असतात, अंग ओलं. ह्याचं अंग कोरडं आणि खवल्यांनी मढवलेलं. ते खवलेही नीट बघा. नागाच्या, धामणीच्या पोटाखाली रुंद पट्ट्या असतात, त्यांच्यावर ते सरपटतात. वाळ्याला त्या नाहीतच. पाठीला जसे खवले तसेच पोटाला, सगळीकडून सारखे, गुळगुळीत. मातीत पोहणाऱ्याला वर काय आणि खाली काय! डोळे कुठे आहेत? खवल्याखाली दोन काळे ठिपके दिसतील. त्यांनी उजेड-अंधार कळतो, त्यापलीकडे फार काही नाही. डोकं कोणतं आणि शेपूट कोणती हेही चटकन सांगता येत नाही. एका टोकाला इवलीशी जीभ लपलपली की समजायचं, हे तोंड. दुसऱ्या टोकाला एक बारीक काटा असतो. तो टेकवून वाळा अंग पुढे रेटतो. हातात धरल्यावर तोच काटा टोचतो आणि माणूस ओरडतो, चावला!

एक सावधगिरी इथेच सांगतो. मण्यारीचं पिल्लूही बारीक आणि काळं असतं. डोळे स्पष्ट दिसले, अंगावर पांढरे आडवे पट्टे दिसले, किंवा नुसती शंका आली तरी हात लावू नका, सर्पमित्राला बोलवा.

वाळा खातो काय? मुंग्यांची आणि वाळवीची अंडी, अळ्या, कोष. वारुळात शिरतो आणि बाळंतिणीच्या खोलीवरच डल्ला मारतो. मोठे साप भक्ष्य सावकाश, एकेक बाजूचा जबडा पुढे सरकवत गिळतात. वारुळात तेवढा वेळ कोण देणार? रखवालदार मुंग्या अंगावर तुटून पडतात. म्हणून वाळ्याच्या घराण्यानं वेगळीच यंत्रणा काढली. ह्यांच्या खालच्या जबड्याला दात नाहीत. वरच्या जबड्याची दोन हाडं मात्र सुटी, बिजागरीवर बसवल्यासारखी, आणि दात त्यांच्यावर. ही हाडं आळीपाळीनं आत-बाहेर फिरतात, एका सेकंदात कितीतरी वेळा, आणि अळ्या भराभर आत ओढल्या जातात. गिळणं नव्हे, उपसणंच.

वाळवीचं डोकं मात्र कठीण कवचाचं. पचत नाही, विष्ठेतून तसंच बाहेर पडतं. मग? जपानमधल्या मिझुनो आणि कोजिमा या संशोधकांनी २०१५ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. वाळा वाळवीला शेपटाकडून तोंडात धरतो, बाहेर राहिलेलं डोकं जमिनीवर घासतो, आणि ते तुटून पडलं की उरलेली वाळवी गिळतो. साप म्हणजे भक्ष्य आख्खं गिळणारा, हे आपण शाळेपासून शिकलो. आणि हा मोरीतला जंतू भेंडीचं देठ काढावं तशी वाळवी निवडून खातो!

इथवरच्या गोष्टी नुसत्या तयारीच्या होत्या. खरा धक्का पुढे आहे.

वाळ्याचा नर कुठे आहे?

शास्त्रज्ञांनी देशोदेशीचे नमुने उघडून पाहिले. मादी. पुन्हा मादी. सगळ्या माद्याच. १९७० च्या दशकापासून शंका पक्की होत गेली की या जातीत नर नाहीतच. १९८० मध्ये रोनाल्ड नुसबाउम यांनी सेशेल्स बेटांवरच्या वाळ्यांचा अभ्यास करून तिला आणखी पुष्टी दिली. वाळ्याची मादी नराशिवाय अंडी घालते, त्या अंड्यांतून मादीच निघते, आणि तीही पुढे तेच करते. आई, मुलगी, नात, पणती, सगळ्या एकीच्या प्रती. अजगरासारख्या काही सापांत एखादी एकटी मादी क्वचित असं करून जाते. प्राणिसंग्रहालयांत तशा घटना घडल्या आहेत. पण ज्या जातीचा संसार कायम नराविनाच चालतो असा ज्ञात साप जगात एकच, आणि तो आपल्या मोरीत निघतो.

हे घडतं कसं? त्यासाठी पेशीत डोकवावं लागेल. तुमच्या-माझ्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडचा, एक वडिलांकडचा. अंडं तयार होताना हे संच जोड्या लावून उभे राहतात आणि निम्मे-निम्मे वाटले जातात. १९८७ मध्ये वाळ्याची गुणसूत्रं तपासली गेली तेव्हा दिसले तीन संच. तिघांची जोडी कशी लावणार? एक कायम उरणार, वाटणीत घोळ होणार, अंडं वांझ जाणार.

तीन संचांचं प्रकरण आपल्याकडच्या माणसाला नवं नाही, फक्त ते त्यानं झाडावर पाहिलंय. शेजारच्या जळगावची केळी आठवा. केळ्यात बी का नसतं? कारण बागेतल्या केळीच्या पेशीतही तीनच संच आहेत. वाटणी जमत नाही, म्हणून बी धरत नाही. मग बाग कशी लावतात? बुडाशी आलेल्या मुनव्यांपासून, नाहीतर प्रयोगशाळेत वाढवलेल्या टिश्यू कल्चरच्या रोपांपासून. म्हणजे मूळ झाडाच्या हुबेहूब प्रती. केळीला माणूस लागला. वाळ्यानं तीच अडचण एकट्यानं सोडवली. अमेरिकेतल्या व्हिपटेल नावाच्या काही सरड्यांतही नुसत्या माद्या असतात आणि त्यांची युक्ती २०१० मध्ये उलगडली: वाटणीला बसण्याआधीच पेशी आपली सगळी गुणसूत्रं एकदा दुप्पट करून घेते. आता प्रत्येकाची जोडी स्वतःच्याच प्रतीशी! वाटणी बिनबोभाट होते आणि अंड्यात पूर्ण ऐवज उरतो. वाळ्याचं कोडंही असंच सुटत असावं, याकडे संशोधकांचा कल आहे.

मुळात तीन संच आले कुठून? नराविना चालणाऱ्या बहुतेक पृष्ठवंशी प्राण्यांची सुरुवात दोन वेगळ्या जातींच्या संकरातून झालेली दिसते. फार पूर्वी, बहुधा आपल्याच भारतीय उपखंडात, मातीखाली कुठेतरी अशीच एखादी गाठ पडली असणार. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तर २०२३ मध्ये सुचवलं की हा साप त्याच्या नात्यातल्या इतर जातींपासून इतका वेगळा आहे की त्याला स्वतंत्र प्रजातीत (जीनसमध्ये) ठेवावं.

आता विचार करा. ज्या जातीला जोडीदार लागत नाही, तिला नवा मुलूख काबीज करायला किती जण लागतील? एक. फक्त एक. एक वाळा, एक कुंडी, एक जहाज. माणसानं रोपं एका देशातून दुसऱ्या देशात न्यायला सुरुवात केली आणि वाळ्याला फुकटचं तिकीट मिळालं. मातीच्या गोळ्यात, मुळांच्या जाळ्यात दडून तो आफ्रिकेला गेला, मादागास्करला गेला, पॅसिफिकच्या बेटांवर उतरला, मेक्सिकोत पोचला, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला पोचला, १९७० च्या दशकाअखेरीस मायामीत सापडला. आज जमिनीवरच्या सापांत सगळ्यात दूरवर पसरलेला साप हाच. तिकडे ह्याला कुंडीतला साप म्हणूनच ओळखतात. पॅट्रिक रसेल यांनी १७९६ च्या आपल्या ग्रंथात विशाखापट्टणमच्या ज्या बारक्या सापाचं चित्र छापलं, आणि फ्रान्सच्या दोदां यांनी १८०३ मध्ये ज्याला शास्त्रीय नाव दिलं, तो जगप्रवासी निघेल असं त्या दोघांच्या स्वप्नातही आलं नसेल.

यातला हवाईचा किस्सा मला फार आवडतो. हवाई बेटांवर मूळचा एकही जमिनीवरचा साप नाही. तिथल्या पक्ष्यांना सापाची सवय नाही, म्हणून सरकार भलतंच कडक. साप पाळताना कुणी सापडला तर दोन लाख डॉलरपर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. विमानतळावर तपासणी, कुत्री, पथकं. आणि १९३० पासून वाळा तिथे खुशाल नांदतोय. होनोलुलूच्या एका शाळेच्या आवारात फिलिपीन्सहून झाडं आणली, त्यांच्या मातीतून तो उतरला, असं सांगतात. ज्या राज्यात साप पाळणं एवढा मोठा गुन्हा, तिथे हौसेनं कुंड्या ठेवणारे कितीतरी लोक न कळत तो करताहेत! वाळ्याला मात्र कुणी दंड करत नाही. तो कुणाच्या अंड्यांना धक्का लावत नाही, मुंग्या-वाळवीतच खूष असतो.

शास्त्राची पुस्तकं सांगतात की सगळेच एकसारखे असणं धोक्याचं. एखादा रोग आला तर सगळेच एकदम बळी पडायचे. केळीच्या बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. तरी वाळा टिकून आहे. कदाचित त्याचं जगणंच इतकं खाली, इतकं आडोशाचं आहे की संकटांना तो सापडत नाही. वाळा ज्यांच्यात मोडतो त्या आंधळ्या सापांची शाखा सापांच्या वंशवृक्षावर अगदी बुडाशी फुटलेली आहे, दहा कोटी वर्षांहूनही आधी. वर डायनासोर गेले, हत्ती आले, माणूस आला, कपाशी आली. खाली वारुळात यांचा शिरस्ता तोच.

मग वाळा मुद्दाम पाळतो असं कुणीच नाही का? माणसांत असेल तर विरळा. काचेच्या पेटीत ठेवून तो दिसणार कसा? दिवसभर मातीत, रात्री मातीत, आणि जेवायला हजारो मुंग्यांच्या अळ्या. कौतुकानं दाखवायला पाहुण्यापुढे नुसती मातीची पेटी ठेवावी लागेल.

पण एक पक्षी आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये स्क्रीच आऊल नावाचं छोटं घुबड असतं. १९८७ मध्ये फ्रेडरिक गेल्बाक आणि रॉबर्ट बाल्ड्रिज यांनी या घुबडांच्या ढोल्या तपासल्या, तेव्हा आत जिवंत आंधळे साप मिळाले. हे आपले वाळे नव्हेत, त्यांच्यासारखेच राहणारे तिकडचे नातलग. घुबडं त्यांना जमिनीवरून उचलून पिलांना खायला आणतात. इतर भक्ष्य मारून आणतात, पण हे पुष्कळदा जिवंतच येतात आणि निसटून ढोलीच्या तळाशी साचलेल्या कचऱ्यात शिरतात. तिथे काय असतं? सडलेलं मांस, विष्ठा, आणि त्यावर वळवळणाऱ्या माश्यांच्या अळ्या. सापाला घरबसल्या मेजवानी! अळ्या कमी झाल्या की पिलांच्या वाट्याच्या मांसाला वाटेकरी कमी. मोजमाप केल्यावर दिसलं की ज्या ढोल्यांत जिवंत साप होते तिथली पिलं जास्त वेगानं वाढत होती आणि कमी मरत होती.

घुबडाला हे कळतं का? बहुधा नाही. तेही आपल्यासारखंच, न पाळता पाळतंय. फक्त त्याच्या घरात मिठाचा डबा नाही.